वई तोडायची नाही

कोंडशेत, ता. देवगड
१९ मार्च २०२५

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू माझं बोलणं सारखं तोडत होतास, आणि शेवटी "ताई, ड्युटीवर जायचंय" म्हणून फोन ठेवलास. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. कागदाला मध्येच गप्प करता येत नाही. लिहून झालं की याचा फोटो काढून पाठवीन. तूही तसंच कर. शाळेत तुझं अक्षर चांगलं होतं.

तर काल जे सांगत होते ते पुन्हा सांगते. शिमग्याआधी कृषी खात्याच्या मृणाली मॅडम वाडीत आल्या होत्या. सरकारने आपल्या भागातल्या काही गावांत एक नवीन योजना आणली आहे. ज्याच्या शेताला जिवंत वई आहे, म्हणजे तारेचं किंवा चिऱ्याचं कुंपण नाही तर झाडांची वई, त्याने ती तीन वर्षं नीट राखायची. पेटवायची नाही, औषध मारायचं नाही, फुलोऱ्यात छाटायची नाही, खिंडार पडलं तर भरून काढायचं. त्याबद्दल सरकार दर वर्षी पैसे देणार.

मी विचारलं, "मॅडम, म्हणजे मी आत्तापर्यंत करत आले त्याचेच पैसे?"

"हो मावशी, त्याचेच."

मला हसू आलं. मग घरी आल्यावर हसू गेलं आणि कसलं तरी बरं वाटलं. रस्त्यापासून व्हाळाच्या पाण्यापर्यंत आपल्या मळ्याच्या वरच्या अंगाला जी वई आहे ना, शेर, निरगुडी, करवंद, अडुळसा, मध्ये चिवारीची बेटं, ती मी सासरहून परत आले तेव्हा निम्मी मेलेली होती. दर वर्षी दसऱ्यानंतर मी त्यात नवीन फांद्या रोवते. आता त्यातून शेरडू आत शिरत नाही. पावसात वरची माती मळ्यात उतरत नाही. काजू मोहरला की मधमाश्या तिथूनच येतात. आणि हे काम आहे असं आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. "शेवंतीला काट्यांची हौस" एवढंच म्हणत आले.

मॅडमनी वई पाहिली, खूश झाल्या. पण सातबाऱ्यावर तुझं एकट्याचं नाव आहे, म्हणून तुझी संमती लागते. तेवढी पाठव. पैसे माझ्या खात्यात यावेत असंही त्यात लिही, कारण राखते मी.

जेवणखाण वेळेवर कर.

तुझी,
ताई


झल्लाक, बहारीन
२८ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र मिळालं. रूमवर वाचत होतो तर निहारने विचारलं काय आहे. हा ओडिशाचा, माझ्या गँगमध्येच आहे. मी सांगितलं. तो म्हणाला, "भाई, तुम्हारी गवर्नमेंट कांटों का पैसा देती है?" सगळी रूम हसली. मीही हसलो. राग मानू नको.

इथे मी रोज काय करतो तुला माहीत आहे. रिसॉर्टच्या गेटपासून समुद्रापर्यंत दमास नावाच्या झाडाची वई आहे, दोन्ही बाजूंना, माणसाच्या उंचीची, भिंतीसारखी सरळ. वाळूत वाढवलेली. पाइपचं पाणी एक दिवस बंद पडलं तर पिवळी पडते. तिला कापायला मी आणि माझी माणसं. एकोणीस वर्षं झाली. तेव्हा वईचं कौतुक मला सांगू नकोस.

आता तुला जे सांगितलं नव्हतं ते सांगतो. शैलेंद्र वर सड्याच्या माळावर कॉटेज बांधतोय हे तुला माहीतच आहे. त्याला वर जायला वईलगतची वाट रुंद करून हवी आहे आणि त्याला आपली वई आडवी येते. ती काढून दिली तर रस्ता होईल. मी डिसेंबरात सुट्टीवर आलो होतो तेव्हाच त्याला हो म्हटलंय. आंबे उतरले की जेसीबी आणणार आहे. त्याच्या बदल्यात मी कायमचा परत आलो की कॉटेजची बाग आणि सगळी देखभाल माझ्याकडे, शिवाय भागीदारी. चुलत भाऊ असला तरी त्याने एवढा विचार केला.

ताई, मी पन्नाशीला आलोय. इथे व्हिसा रिन्यू होतो की नाही यावर दर दोन वर्षांनी जीव टांगलेला असतो. पन्नाशीनंतर माळ्याला कोण ठेवतं? परत आलो तर करायचं काय? तुझ्या करवंदांना पाणी घालू?

सरकारी योजना आज आहे, उद्या नाही. शैलेंद्र घरचा आहे. म्हणून संमती देता येणार नाही.

तू घरात राहा, तुला कुणी जा म्हणत नाही. पण जमिनीचं मला बघू दे.

तुझा,
दत्ता


कोंडशेत
६ एप्रिल

दत्ता,

"तुला कुणी जा म्हणत नाही." हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग जेवण केलं नाही. मग म्हटलं, याच्या एका वाक्यासाठी मी का उपाशी राहू, आणि उठून भात टाकला.

मला जा म्हणणारा तू कोण? मी या घरात पाहुणी आहे का? बाबा गेले तेव्हा मी सासरी होते. तलाठ्याकडे वारस म्हणून तुझं नाव लागलं, माझं लागलं नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही, कारण भावाचं नाव लागलं म्हणजे आपलंच लागलं असं वाटायचं तेव्हा. पण हक्कसोड मी कधी लिहून दिलेली नाही. मी बाबांची मुलगी आहे हे कुठल्याही सातबाऱ्याने पुसलेलं नाही.

मंगळवारी देवगडला गेले. तहसीलदार कचेरीत अर्ज देऊन आले, माझं नाव लावा म्हणून. तिथला माणूस म्हणाला, "भावाशी भांडण झालं काय?" मी म्हटलं, "नाही. भावाशी ओळख करून घेतेय."

तुझी काळजी मला कळत नाही असं समजू नकोस. एकोणीस वर्षं परक्या मुलखात उन्हात उभा राहिलास, त्यावर हे घर शाकारलं गेलं, हे मला ठाऊक आहे. परत आलास तर काय करशील ही भीती खरी आहे. पण त्या भीतीला उत्तर म्हणून तू शैलेंद्रला माझं काम तोडून दिलंस. मला न विचारता. डिसेंबरात घरी होतास, माझ्या हातचं जेवत होतास, आणि संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून हो म्हणून आलास.

आणि भागीदारी म्हणजे काय रे? काही लिहून दिलंय त्याने?

रूमवर हसले ते हसू देत. त्यांना सांग, काट्यांचे नाही, राखण्याचे पैसे देतात.

वई तोडायची नाही. हे मी विचारत नाही, सांगतेय.

शेवंती


झल्लाक
११ एप्रिल

ताई,

कचेरीत अर्ज दिलास हे मला शैलेंद्रच्या फोनवरून कळलं, तुझं पत्र नंतर उघडलं. सगळ्या वाडीत तमाशा केलास. आता लोक म्हणतील, भाऊ परदेशात आणि बहीण जमीन लाटते.

शब्द दिलाय तो दिलाय. मी शैलेंद्रला पुढे जा म्हणून सांगितलं आहे. तू मध्ये पडू नकोस. खलास.

दत्ताराम


कोंडशेत
२१ मे

दत्ता,

शुक्रवारी जेसीबी आला.

सकाळी मी काजूच्या बिया वाळत घालत होते तर घरघर ऐकू आली. टोपली तिथेच टाकून धावले. रस्त्याच्या टोकाकडून त्याने सुरुवात केली होती. शेराचं पहिलं बेट मुळासकट उचललं होतं आणि त्यातून पांढरा चीक गळत होता. मी ओरडले पण मशिनीच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? निरगुडी गेली. अडुळसा गेला. घराएवढी लांबी गेली बघ, मी तिथे पोचेपर्यंत.

मग मी पुढे जाऊन वईला पाठ लावून बसले. त्या लोखंडी जबड्याच्या समोर.

शैलेंद्र आला. "शेवंती, बाजूक हो. उगाच लागात."

"मी उठूचंय नाय."

"दत्ताने सांगल्यान हा. जमीन त्याची."

"मग त्याका बोलव."

त्याने तिथेच फोन लावला, स्पीकरवर. एव्हाना अर्धी वाडी जमली होती. तुझा आवाज आला. मागे कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. शैलेंद्र म्हणाला, "दत्ता, तुझी बहीण आयकणा नाय, काय करू?" आणि तू म्हणालास, "तोडा. माझी जमीन आसा. मी सांगतंय, तोडा."

मी तुझा आवाज ओळखला. शंका घ्यायला जागा नव्हती.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठेन असं त्यांना वाटलं असावं. मी बसून राहिले. शेजारच्या तय्यबाभाभी गर्दीतून पुढे आल्या. त्यांची शेळी आपल्या वईचे कोंब खाते म्हणून गेल्याच वर्षी मी त्यांच्याशी भांडले होते. त्या माझ्या शेजारी बसल्या. मग मी म्हटलं, "भाभी, इथे दुपार होणार. तुमची सुटी चूल आणा." त्यांनी चूल आणली, मी घरातून तांदूळ मागवले. तिथेच पेज शिजवली आम्ही, जेसीबीच्या दातांपासून हातभर अंतरावर.

जेसीबीचा ड्रायव्हर विजापूरकडचा होता. पेज शिजल्यावर मी त्याला हाक मारली. "ये, खाऊन घे. तुझ्याशी माझं भांडण नाही." तो खाली उतरला, पेज प्याला, लोणचं मागून घेतलं. शैलेंद्र मागून ओरडत होता, "अरे खाने को लाया क्या तेरे को?" ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, सामने औरतें बैठी हैं. आप कागज लाओ, पुलिस लाओ, मैं ऐसे नहीं चलाऊँगा." संध्याकाळी तो मशीन घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तुझी बायको, स्मिता, आली. कणकवलीहून, बॅग घेऊन. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, मी इलंय." मी विचारलं, "दत्ताला सांगून आलीस?" ती म्हणाली, "ते मला विचारून फोनवर बोलले होते का?" लेक भक्ती हॉस्टेलला आहे, तिला महिनाभर तिथेच राहायला सांगून आली आहे. सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघी वईजवळ बसतो. आज स्मिता तिथे बसून तांदूळ निवडत होती आणि शैलेंद्र जाताना तिच्याकडे न बघता गेला.

तुला हे कळावं म्हणून लिहिलं. उत्तर द्यायला हवं असं नाही.

शेवंती


झल्लाक
२७ जुलै

ती. ताईस,

दोन महिने लिहिलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं होतं. स्मिता माझा फोन घेत नाही. मेसेज केला तर भक्तीच्या फीचं तेवढं उत्तर देते.

फोनवर मी जे बोललो ते मीच बोललो. त्यावर आणखी काय लिहू ते सुचत नाही, म्हणून दहा दिवसांपूर्वी इथे काय झालं ते सांगतो.

इथे उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार बाहेर काम करायला सरकारची बंदी आहे. बाकी ठिकाणी पाळतात, आमच्याकडेही पाळायचे. पण त्या दिवशी कुठल्या तरी बड्या कंपनीचे पाहुणे संध्याकाळी येणार होते. आदल्या दिवशी वारा सुटून सगळीकडे वाळू झाली होती, त्यामुळे कापणी मागे पडली होती. गेटपासूनची वई निम्मी कापलेली, निम्मी झिपरी. साडेबारा वाजता आम्ही शेडमध्ये बसलो होतो तर वरुण सर आले. हे पुण्याचे, आमच्यावरचे मॅनेजर. माणूस वाईट नाही. मला काका म्हणतात.

"काका, प्लीज. फक्त तेवढी पुढची बाजू. दीड तासाचं काम आहे. कुणी बघत नाही."

मी बाहेर पाहिलं. उन्हाने रस्ता हलत होता. त्या आधीच्या दिवशी निहारला चक्कर आली होती, त्याला मी नळाखाली बसवलं होतं. तो शेडमध्ये माझ्याकडे बघत होता. आठही जण माझ्याकडे बघत होते, कारण मी यल्ला म्हटलं की ते उठतात. एकोणीस वर्षांत मी नाही म्हटलेलं नाही. तोंडात शब्द आला होता. आणि त्याच वेळी मला ऐकू आलं, मीच म्हणतोय, तोडा, मी सांगतंय.

मी म्हटलं, "नाही सर. मफी शुगल, आत्ता काम नाही. चारनंतर करू."

"काका, माझी नोकरी जाईल."

"सर, तुम्ही चारनंतर आमच्याबरोबर उभे राहा. मी तुम्हाला कात्री देतो."

ते चिडले. म्हणाले, "तुम्ही फोरमन आहात. तुमचं काम लोकांना उठवायचं आहे." मग त्यांनी थेट निहारला हाक मारली, "चलो, उठो." निहार माझ्याकडे बघून अर्धा उठला. मी त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं आणि स्वतः शेडच्या दारात बसलो, आडवा. आत यायला किंवा बाहेर जायला मला ओलांडावं लागेल असा.

ताई, तू बसलीस ते वाचलं होतं म्हणून मला बसता आलं. नाहीतर हे कसं करतात ते मला माहीत नव्हतं.

सरांनी कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून कुणीतरी ओरडत होतं, "उसका सीपीआर नंबर लो." सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र. त्याच्याशिवाय माणूस इथे कुणीच नाही. मी कार्ड काढून जमिनीवर ठेवलं. म्हटलं, "घ्या, नंबर लिहा. आणि हेही लिहा की दुपारी एक वाजता तुम्ही मागितला." सरांनी फोन खिशात टाकला आणि ते गेले.

चारपर्यंत कुणी उठलं नाही. चारला आम्ही गेलो आणि दिवस मावळेपर्यंत कापत होतो. पाहुणे आले तेव्हा शेवटचा तुकडा राहिलाच होता. गाड्या सरळ आत गेल्या. वईकडे कुणी बघितलंही नाही.

माझं फोरमनपद गेलं. पुढच्या आठवड्यापासून सखीरला, युनिव्हर्सिटीकडच्या रस्त्याच्या कडेला, साधा माळी म्हणून. निहार म्हणतो मीही तिकडे येतो. मी त्याला म्हटलं, मूर्खपणा करू नकोस, समुद्राजवळ राहा.

शुक्रवारी दूतावासात जायला जमत नाही, बंद असतं, म्हणून एका दिवसाचा पगार सोडून गेल्या रविवारी गेलो. तुझं नाव जमिनीला लावायला माझी हरकत नाही, असं लिहून, सही करून, शिक्का मारून घेतलंय. योजनेची संमतीही. मूळ कागद सुनीताबाईंबरोबर पाठवलेत, त्या मनामाच्या दुकानातल्या, मालवणला निघाल्या आहेत. शैलेंद्रला फोन करून नाही सांगितलं. तो म्हणाला, "बहिणीच्या पदराआड लपलास." मी म्हटलं, "होय, तिथे सावली आहे." मग त्याने फोन ठेवला. म्हणजे ती भागीदारी गेली. लिहून दिलेली नव्हतीच.

तुझा,
दत्ता


कोंडशेत
१९ ऑगस्ट

दत्ता,

सुनीताबाई येऊन गेल्या. कागद मिळाले. त्याबद्दल आभार मानणार नाही, माझाच हिस्सा आहे तो. पण दारात आडवा बसलास ते मी स्मिताला मोठ्याने वाचून दाखवलं. ती ऐकताना भाजी चिरत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा वाचा." दुसऱ्यांदा वाचलं तर डोळे पुसत म्हणाली, "कांदा आहे." भाजी पडवळाची होती.

तरी फोन घेणार नाही म्हणते. तिला पत्र लिही. मला लिहितोस तेवढं लांब लिही.

जेसीबीने जे खिंडार पाडलं तिथून श्रावणात वरची लाल माती मळ्यात उतरली. भाताचा वरचा कुणगा मातीने भरला, तिथलं भात गेलं. आम्ही दोघींनी आणि तय्यबाभाभींनी मिळून बांध घातला, शेराच्या आणि निरगुडीच्या फांद्या रोवल्या. काही धरल्यात. काही कुजल्या, त्या पुन्हा लावू.

शैलेंद्रने ग्रामसभेत विषय काढला की वईसाठी सरकारी पैसे घेणारे लोक गावाच्या विकासाला आडवे येतात. मी उठून विचारलं, "कुणाच्या विकासाला? नाव सांग." त्याने लगेच पुढचा विषय काढला. नंतर चार बायकांनी मला बाहेर गाठून विचारलं, आमच्या शेतांच्या वया या योजनेत बसतील का. त्यातल्या तिघींचं सातबाऱ्यावर नाव नाही. मी म्हटलं, चला देवगडला. आता दर मंगळवारी जातो आम्ही. कचेरीतला तो माणूस आम्हाला बघितलं की चष्मा पुसायला घेतो.

सखीरला ऊन जास्त असेल. डोक्याला ओला पंचा बांधत जा.

ताई


सखीर
२ नोव्हेंबर

ती. ताईस,

स्मिताला पत्र लिहिलं. नऊ पानं झाली. तिने उत्तर दिलं, एक पान, पण दिलं.

इथे काम रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात. दोन्हीकडून गाड्या, पुढे शर्यतीचा ट्रॅक. रेसचा सराव चालू असला की कानात दिवसभर भुंगा. झाडं म्हणजे कण्हेर आणि बोगनवेल. सावली धरणारं काही नाही. निहार शेवटी आलाच इकडे बदली मागून. सांगितलेलं ऐकत नाही.

व्हिसा डिसेंबरअखेर संपतोय. कंपनीने रिन्यू करतो म्हणून सांगितलं, पण वरुण सरांनी घातलेली एक अट आहे. मी लिहून द्यायचं की जुलैत मी कामाला नकार दिला तो कामचुकारपणा होता. मी नाही म्हटलं. इंशाल्ला जानेवारीत घरी येतो, कायमचा.

शैलेंद्रकडचं काम गेलंय, इथलंही जातंय. हात मात्र चालतात. मला घरात घेशील का, हे मी विचारतोय, गृहीत धरलेलं नाही.

तुझा,
दत्ता


कोंडशेत
२३ डिसेंबर

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद.

काल वईची तपासणी झाली. मृणाली मॅडमबरोबर जिल्ह्याचे साहेब आले होते. गाडीतून उतरल्या उतरल्या साहेबांनी विचारलं, "जमिनीचे मालक कोण?" आणि जमलेले सगळे, अगदी आमच्या बायकासुद्धा, सवयीने इकडेतिकडे पुरुषमाणूस शोधायला लागले. शैलेंद्र होता तिथे. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मी."

"नाही, म्हणजे सातबाऱ्यावर..."

"सातबाऱ्यावर मी. आणि माझा भाऊ, तो बहारीनला आहे. विचारायचं ते मला विचारा."

विचारलं त्यांनी. वईच्या कडेने चालत गेलो व्हाळापर्यंत. नवीन लावलेला तुकडा बघून म्हणाले, "हा या वर्षी धरता येणार नाही मावशी, अजून दाट नाही." मी म्हटलं, "नका धरू. तोडला तो मी नव्हे, पण लावला मी आहे. पुढच्या वर्षी या, मग बघू कसे धरत नाही ते." मॅडम तोंड फिरवून हसल्या. बाकीची वई पास झाली. तिघींपैकी दोघींची नावं लागली आहेत, त्यांच्या वया पुढच्या महिन्यात बघणार आहेत. तिसरीचा नवरा सही देत नाही. येत्या मंगळवारी आम्ही सगळ्याजणी त्याच्या दारात जाऊन बसणार आहोत. चूल बरोबर नेणार.

आता तुझं. घरात घेईन का, असं विचारलंस. घर तुझंही आहे. मला तू म्हणाला होतास तसं मी तुला म्हणणार नाही. स्मिताने तुझी खोली झाडून ठेवली आहे, मला म्हणते पाली झाल्या होत्या म्हणून.

पण कामाचं वेगळं. सरकारचे पैसे आले की त्यातून मी पहिल्यांदा वईसाठी माणूस लावणार आहे, मला एकटीला आता झेपत नाही. ते काम तुला हवं असेल तर सांग. गावात जी मजुरी चालते तीच मिळेल, भाऊ म्हणून जास्त नाही. फुलोऱ्यात कात्री लावायची नाही. भिंतीसारखी सरळ कापायची नाही, वईला वईसारखी वाढू द्यायची. आणि दुपारी बारा ते चार, कुणीही काहीही म्हणो, सावलीत बसायचं.

जमत असेल तर ये. निहारलाही विचार.

तुझी,
ताई